क्रूझर घेताय? व्ही-ट्विन की पॅरलल ट्विन

क्रूझर म्हणजे लांब, आरामात बसून चालवायची मोटरसायकल. व्ही-ट्विनमध्ये इंजिनाचे दोन सिलेंडर इंग्रजी V सारखे तिरपे असतात, पॅरलल ट्विनमध्ये शेजारी-शेजारी. दोन्ही मी वापरल्या आहेत. आधी चार वर्षं एअर-कूल्ड (वाऱ्यानेच थंड होणारी) व्ही-ट्विन, आता तीन वर्षं २७० अंशी क्रँकची पॅरलल ट्विन. क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा; २७० अंशी म्हणजे त्यावरच्या दोन पिना एकमेकींपासून २७० अंशांवर.

रूपात व्ही-ट्विन उजवी, यावर वाद नाही. टाकीखाली उघडं दिसणारं ते इंजिन अजूनही मला थांबून बघावंसं वाटतं. आवाजही तसाच. दोन सिलेंडरांत ४५ अंशांचा कोन असलेल्या इंजिनात दोन्ही पिस्टनचे रॉड क्रँकच्या एकाच पिनवर, म्हणून ठोके क्रँक ३१५ आणि मग ४०५ अंश फिरल्यावर, असे असमान अंतराने पडतात. ती अडखळती लय त्यातूनच येते. माझ्या आताच्या गाडीत ती अंतरं २७० आणि ४५० अंशांची, म्हणजे ९० अंशी व्ही-ट्विनची लय. छान आहे, पण ती सर नाही.

पिकअपचे आकडे देत नाही, दोन्हींचे सीसी वेगळे होते. हाताला जाणवलं ते इतकंच: वरच्या गिअरमध्ये सावकाश जाताना व्ही-ट्विन जास्त निवांत, ओव्हरटेकला पॅरलल ट्विन जास्त तत्पर.

निर्णय झाला तो उष्णतेवरून. व्ही-ट्विनचा मागचा सिलेंडर पुढच्याच्या आड, त्याला वारा कमी. आणि त्याचा बेंड पाइप (धूर सायलेन्सरकडे नेणारा) माझ्या उजव्या मांडीखालून जायचा. गाडी पळत असेपर्यंत काही नाही. उन्हाळ्यात सलग तीन-चार सिग्नल लागले, की मी गुडघा बाहेर काढून बसायचो आणि मागून बायको म्हणायची, "अहो, पाय भाजतोय." हीट शील्ड लावून पाहिली, जाड पँट घालून पाहिली. थोडा फरक पडला, पण ऑफिसला पोचेपर्यंत मांडी लाल व्हायची ती व्हायचीच. काही गाड्यांत थांबल्यावर मागचा सिलेंडर आपोआप बंद होतो, लिक्विड-कूल्ड व्ही-ट्विनही मिळतात. तिथे हा त्रास कमी असावा. पॅरलल ट्विनमध्ये दोन्ही सिलेंडर शेजारी-शेजारी, वारा दोघांना सारखा, पाइप पुढून खाली उतरतात. गरम तीही होते, पण पाय जागेवर राहतो.

हायड्रॉलिक लिफ्टरवाल्या व्ही-ट्विनला टॅपेट सेटिंगची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट वेळोवेळी जुळवून घेण्याची, कटकट नसते (ती तेलाच्या दाबाने आपोआप जुळते), हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

रस्ते मोकळे असतील तर व्ही-ट्विन जरूर घ्या. रोज गर्दीतून जायचं असेल, तर माझ्या मते पॅरलल ट्विनच. टेस्ट राइड मात्र थंड इंजिनवर उरकू नका. अर्धा तास चालवा, मग इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं नुसते बसून राहा.