बेसबॉलमध्ये इनफिल्डला खेळणाऱ्या मुलासाठी ग्लोव्ह: १२ इंची की ११.५?

मुलं अंडर-१२ मधून वर जायला लागली की फोंड्यातले ओळखीचे पालक हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहितो. आमच्या घरी दोन्ही आहेत, १२ इंची पुतण्याकडून आलेला आणि ११.५ इंची नंतर घेतलेला, आणि मुलगा इनफिल्डला, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) नायतर सेकंड बेसला असतो.

१२ इंचीचा फायदा आहेच. आपली मैदानं लाल मातीची, चिऱ्याचे खडे वर आलेले, ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल, शेवटच्या टप्प्याला कुठे वळेल सांगता येत नाही, तेव्हा मोठ्या ग्लोव्हने बॉल निदान अडतो आणि नवख्या पोराला धीर येतो.

पण अडलेला बॉल बाहेरही काढायचा असतो ना! माझ्यासाठी सगळं इथेच ठरलं. मोठ्या ग्लोव्हच्या खोल पॉकेटमध्ये (खळग्यात) बॉल जाऊन बसतो, उजवा हात आत चाचपडत राहतो, बॉलची शिवण बोटांना लागत नाही, मग पोरगं मान खाली घालून ग्लोव्हमध्ये बघतं आणि तोवर रनर फर्स्ट बेसला पोचलेला. मला बघवत नसे ते. बेस एकमेकांपासून ६० फुटांवर होते तोवर बॉल कसाही धरून फेकला तरी चालून जायचं, पुढे ७० आणि मग ९० फूट झाले की दोन बोटं शिवणीवर आडवी बसल्याशिवाय थ्रो सरळ जात नाही. डबल प्लेला, म्हणजे एकाच बॉलवर दोघांना बाद करताना, तर चाचपडायला वेळच नसतो.

११.५ मध्ये बॉल लगेच हाताला येतो. शिवाय क्रिकेटमधून आलेल्या मुलांना गुडघा टेकून अंगाने अडवायची सवय असते, इथे बॉल अंगाच्या पुढे, दोन्ही हातांनी घ्यायचा असतो, आणि ग्लोव्ह लहान असला की दुसरा हात आपसूक येतो, निदान आमच्याकडे तरी आला.

हात वाढेल म्हणून शाळेच्या युनिफॉर्मसारखा मोठा घेऊन ठेवायला बरेच जण बघतात. हात वाढतो हो, पण बॉल तोच राहतो, ९ ते सव्वानऊ इंच घेराचा, लहानांना आणि मोठ्यांनाही. आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या पलीकडे लांब, खेळत असेल तर मात्र १२ किंवा त्याहून मोठाच बघा, थर्ड बेसलाही १२ चालून जाईल.

घेण्याआधी कुणाचा तरी वापरातला हातात घालून पोराला न बघता बॉल बाहेर काढायला सांगा. आणि शक्यतो गणेश चवथीनंतर घ्या, पावसात नव्या चामड्याला बुरशी लवकर धरते.