एकच रंग की एकच नक्षी? हॉलचे पडदे, उशा आणि उन्हाचा हिशेब

हॉलमध्ये चार तऱ्हेच्या नक्ष्या एकत्र नांदवायच्या म्हटलं, की दोन वाटा समोर येतात. एक, रंग ठरवून टाकायचा आणि नक्षी हवी तेवढी बदलायची: पडद्यावर मोठी वेल, सोफ्यावर पट्टे, उशांवर बारीक बुट्टी, पण सगळं निळ्यात. दुसरी, नक्षीची जात ठरवायची आणि रंग मोकळे सोडायचे: सगळीकडे पट्टे आणि चौकडी, मग कुठे मोहरीचा पिवळा, कुठे विटकरी, कुठे बॉटल ग्रीन. ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या घरात आमची पहिली वाट होती, घोडबंदर रोडला आल्यावर दुसरी. मोठी-मधली-बारीक नक्षी आणि मध्ये थोडा प्लेन कपडा, हा सगळ्यांनाच पाठ असलेला भाग सोडून देतो.

पहिल्या दिवशी पहिली वाट जिंकते, वादच नाही. बगरूची दाबूची, म्हणजे चिखलाचा लेप लावून केलेली छपाई, सांगानेरची पांढऱ्यावरची नाजूक फुलं, कच्छची ठशांनी छापलेली अजरख. तीन ठिकाणांच्या तीन नक्ष्या, पण नीळ समान असली की शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसतात. दुकानात निवडायलाही सोपं, निळं सोडून बाकी गठ्ठे उघडायचेच नाहीत. धुण्यातही सोय: सुरुवातीच्या धुण्यांत रंग सुटला तरी निळ्याचं निळ्यावर जातं. चौकडीत विटकरी आणि पिवळा एका बादलीत भिजवण्याची हिंमत मी अजून करत नाही.

माझं मत फिरवलं ते उन्हाने. आमची गॅलरी नैर्ऋत्येला होती. पावसाळ्यात काही जाणवत नाही. ऑक्टोबरपासून मात्र सूर्य खाली सरकतो आणि दुपारचं ऊन थेट पडद्यावर येऊन बसतं. पडदा दिवसभर बाजूला सारलेला असला, की चुणीचा बाहेर आलेला भाग तेवढा ऊन खातो, आत दडलेला भाग शाबूत राहतो. एका संध्याकाळी पडदा पूर्ण ओढला तर वेलीवर वरपासून खालपर्यंत उभे फिके पट्टे! आम्ही न निवडलेली एक नक्षी फुकटात मिळाली होती.

पडदा विटला एवढ्यावर भागलं असतं तर नवा शिवला असता. पण अख्खा हॉल ज्या एका निळ्यावर उभा, तो निळा पुन्हा आणायचा कुठून? नैसर्गिक निळीत कापड किती वेळा बुडवलं आणि त्या दिवशी हौद कसा होता, यावर छटा ठरते. दुकानदार शांतपणे सांगतो, ‘काका, लॉट बदलला.’ गिरणीच्या छापील कापडातही लॉटचा फरक पडतो, जरा कमी इतकंच. मग पाकिटात चिंधी ठेवून गोखले रोडपासून जांभळी नाक्यापर्यंत दुकानं पालथी घालायची. ब्लाउजपीसचं मॅचिंग घरात पुरेसं असतं, त्यात पडद्याचंही आलं. शेवटी नवा पडदा गडद आणि सोफा उतरलेला, असं काही काळ चाललं. पाहुण्यांच्या लक्षात येत नसेल कदाचित. मला मात्र टीव्ही बघताना तेवढंच दिसायचं.

चौकडीतही रंग उतरतो, ऊन कुणाला सोडत नाही. पण पिवळा थोडा फिका झाला तर विटकरीचं काही बिघडत नाही, ते दोघे आधीपासून एकसारखे नव्हतेच. एक खोळ फाटली तर नवी कुठल्याही रंगाची चालते. शिवाय हातमागाच्या चौकडीत सूतच रंगवलेलं असल्याने कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. समोरच्या विंगला आपल्या पडद्याची पाठच दिसते, आणि छापील कापडाची पाठ म्हणजे अस्तर लावा नाहीतर चालवून घ्या.

शिलाईचंही बघा. चुण्या नीट पडायला रॉडच्या रुंदीच्या दुप्पट तरी कापड लागतं, त्यात मोठी वेल अर्धी गडप होते. वर दोन पाट, म्हणजे पडद्याच्या उंचीचे कापडाचे तुकडे, जोडताना फुलाला फूल जुळवायला टेलर दर पाटामागे कापड वाया घालवतो. मोठ्या छापाची नक्षी साठ-पासष्ट सेंटिमीटरनंतर पुन्हा येत असेल, तर वाया जाणारा तुकडाही जवळपास तेवढा होऊ शकतो. बारीक चौकडीत दोन-चार इंचांत काम होतं.

तिचे तोटे नाहीत असं नाही. कापड तिरकं कापलं गेलं तर चौकडी लगेच चुगली करते. हातमागाचं सुती कापड आटतं, म्हणून शिवण्याआधी भिजवून वाळवायलाच हवं, आणि जुलैत ठाण्यात ते वाळता वाळत नाही. आणि प्रमाण चुकलं तर हॉल थेट लुंगीच्या दुकानासारखा दिसतो. त्यावर आमचा तोडगा असा: सोफ्यावर रुंद चौकडी, पडद्याला सुतासारखे बारीक पट्टे, आणि दोन उशांना कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण. खणाची बुट्टी ओळीत विणलेली असते, त्यामुळे चौकडीशी तिचं भांडण होत नाही.

जमीनही मोजा. जुन्या इमारतींतली मोझॅक फरशी ही स्वतःच बुट्टीदार असते. तिच्यावर बारीक फुलं आणली की गजबज होते, सरळ रेषा बऱ्या पडतात. नव्या टॉवरमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर दोन्ही खपून जातं.

तुमचा हॉल उत्तरेला असेल, ऊन आत येत नसेल, तर निळ्याच्या मोहात खुशाल पडा, मीही पडलो असतो. भाड्याच्या घरातही तीच वाट बरी वाटते, कारण तिथले पडदे पुढच्या घराच्या खिडकीला तसेही क्वचितच बसतात. स्वतःचं घर आणि पश्चिमेची गॅलरी असेल, तर मी तरी चौकडीकडेच वळेन. आणि तरीही एकरंगीच करायचं ठरलं, तर पडद्याचं कापड घेताना त्याच गठ्ठ्यातून एक पाट जास्तीचा फाडून घ्या आणि न शिवता कपाटात ठेवा.