पिवळ्या रंगाची क्लच प्लेट

माझ्याकडे स्कोडा लॉरा ही 1.8 टीएसआय इंजिनाची, सहा गिअरची मॅन्युअल गाडी आहे. कारखान्यातून ती 160 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क घेऊन आली होती. तीन वर्षांपूर्वी मी तिचे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ताकद वाढावी म्हणून रीमॅप करून घेतले आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, टॉर्क 330 न्यूटन मीटरच्या आसपास भरला. त्यानंतर दोनच महिन्यांत बोरघाट चढताना चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे आरपीएम सरसर वर जात आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राही. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा-तोडणारा क्लच स्लिप होत होता, म्हणजे घसरत होता. ताकद वाढवली की क्लचही बदलावा लागतो, हे मला ऐकून माहीत होते. पण बदलायचा म्हणजे नेमके काय पाहायचे, हे माहीत नव्हते आणि पुढचे सगळे त्या अज्ञानातून घडले.

पुण्यातील ज्या दुकानात मी गेलो, त्याचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार अद्याप प्रलंबित आहे. दुकानदाराने मला प्लेट दाखवण्याआधी पिवळ्या विणीच्या कापडाचा एक तुकडा आणि कात्री हातात दिली. मी कापायचा प्रयत्न केला. कात्री नुसती घसरत राहिली. “साहेब, बुलेटप्रूफ जाकिटात हेच वापरतात. केव्हलार. तुमच्या गाडीला आयुष्यभर पुरेल, 500 न्यूटन मीटर झेलेल,” असे तो म्हणाला. ते कापड खरे केव्हलारचेच असावे, असे मला आजही वाटते. फसवणूक कापडात नव्हतीच. क्लच प्लेट, तिला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (जड चाकावर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग मिळून 58,000 रुपये, आणि गिअरबॉक्स उतरवून बसवण्याची मजुरी 9,000 रुपये. पक्के बिल मागितले तेव्हा “जीएसटी लावला तर उगाच दहा हजार वाढतील” असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. जुने भागही मागून घेतले नाहीत.

गाडी ताब्यात देताना त्याने एक वाक्य उच्चारले, त्याच क्षणी मी सावध व्हायला हवे होते. “ब्रेक-इन वगैरे काही लागत नाही, आजच एक्सप्रेसवेला काढा.” खऱ्या केव्हलारच्या, म्हणजे अ‍ॅरामिड धाग्याच्या लायनिंगला (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराला) पृष्ठभाग बसायला इतर कुठल्याही सामान्य लायनिंगपेक्षा जास्त अंतर लागते. 800 ते 1,500 किलोमीटर शहरात, थांबत-निघत, पूर्ण ताकद न लावता गाडी चालवावी, असे या लायनिंगचे उत्पादक स्वतःच सांगतात. त्याआधी ती तापली तर पृष्ठभागावर काचेसारखी झिलई येते आणि पकड सुटते. साधी ऑर्गॅनिक, म्हणजे राळेत धागे बांधलेल्या लायनिंगची, प्लेट थोडी तापून घसरली तर थंड झाल्यावर बऱ्याचदा सावरते. केव्हलारला ती सोय फारशी नाही. म्हणजे केव्हलार विकणाऱ्या माणसाला ब्रेक-इनची गरज नाही असे वाटत असेल, तर एक तर त्याला माल कळत नाही किंवा माल केव्हलार नाही.

सुमारे 1,400 किलोमीटरनंतर साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात क्लच पुन्हा घसरला आणि या वेळी जळक्या राळेचा उग्र वासही आला. दुकानदाराने मला सांगितले, “केव्हलार एकदा तापली की गेली. तुम्ही हाफ क्लचवर चालवून जाळलीत.” वर सांगितलेला खरा गुणधर्मच त्याने माझ्यावर उलटवला होता. त्यानंतर आणखी 38,000 रुपये भरून सहा पॅडची सिरॅमिक प्लेट टाकण्याचा सल्ला दिला. मी जवळपास तयार झालो होतो, हे कबूल करायला हवे.

वाचवले ते नाशिकच्या रॅलीत गाडी उतरवणाऱ्या एका मित्राने. त्याने मला भोसरीतल्या एका जुन्या फिटरकडे पाठवले. गिअरबॉक्स उतरवल्यावर त्या काकांनी लायनिंगच्या कडेवर कानस फिरवली. पिवळा थर खरवडताच खाली राखाडी-तपकिरी गाभा आणि त्यात चमकणाऱ्या पितळी तारेचे वेढे दिसले. रिवेटच्या खोबणीत रंगाचे ओघळ वाळलेले होते. “ही साधी ऑर्गॅनिक आहे हो, वरून स्प्रे मारलाय,” एवढेच ते म्हणाले. प्रेशर प्लेटवरचा नंबर ग्राइंडरने घासून काढलेला होता, आणि तिचा दाब देणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांच्या टोकांवर 1,400 किलोमीटरमध्ये पडणे शक्य नाही इतक्या खोल घासणीच्या खुणा होत्या. ती दुसऱ्या कोणाच्या गाडीची होती की माझीच जुनी परत बसवली होती, हे आता सिद्ध करता येणार नाही. माझा संशय माझ्याच जुन्या प्लेटवर आहे.

त्या दिवशी काकांनी बिलाच्या पाठीमागे जे गणित मांडून दाखवले, ते मला दुकानात जाण्यापूर्वी कोणी दाखवले असते तर 67,000 रुपये वाचले असते. एका प्लेटच्या क्लचला घर्षणाच्या दोन बाजू असतात. टॉर्क पेलण्याची क्षमता म्हणजे या दोन बाजू, घर्षणांक (लायनिंग किती पकड देते त्याचा आकडा), प्रेशर प्लेटचा दाब आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार. समजा दाब 6,000 न्यूटन आहे, त्रिज्या 10 सेंटिमीटर आहे आणि ऑर्गॅनिक लायनिंगचा घर्षणांक 0.3 आहे, तर क्षमता 360 न्यूटन मीटर येते. माझ्या 330 ला हे जेमतेम पुरते आणि लायनिंग तापून घर्षणांक थोडा खाली आला की पुरत नाही. दाब तोच ठेवून 500 गाठायचे असतील तर घर्षणांक 0.42 च्या आसपास लागेल. केव्हलारचा घर्षणांक साधारण ऑर्गॅनिकच्याच पंगतीला बसतो. त्याचे खरे गुण म्हणजे दीर्घ आयुष्य आणि फ्लायव्हीलची कमी झीज. तेव्हा जुन्याच दाबाच्या प्रेशर प्लेटसह केव्हलारने 500 न्यूटन मीटर पेलण्याची भाषा ही माल अस्सल असता तरी खोटीच ठरली असती. दाब किती, हा प्रश्न मी विचारला नव्हता आणि कापडाचे प्रात्यक्षिक बहुधा तो प्रश्न सुचू नये म्हणूनच होते. कापड न कापले जाणे हे धाग्याच्या ताणबळाचे लक्षण आहे; पकडीशी त्याचा काही संबंध नाही.

सिरॅमिकबद्दलही काकांनी स्पष्ट मत दिले. तांब्याच्या भुकटीत सिरॅमिक आणि ग्रॅफाइट मिसळून भाजलेल्या त्या पॅडचा घर्षणांक खरोखर जास्त असतो आणि ऑर्गॅनिकची राळ जळू लागते त्या तापमानालाही ते टिकते. पण ते एकदम पकडते. रॅलीत ते चालते. चांदणी चौकाच्या कोंडीत दर दहा फुटांवर हाफ क्लच करणाऱ्या माणसाची गाडी हिसके मारते, थरथरते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर खाते. माझ्या ड्युअल मास, म्हणजे दोन भागांच्या, फ्लायव्हीलवर आधीच निळे डाग पडले होते, त्यामुळे तोही बदलावा लागला आणि त्याचा खर्च क्लचपेक्षा जास्त आला.

शेवटी मी चांगल्या प्रतीची ऑर्गॅनिक प्लेटच घेतली, पण जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटसह. पेडल थोडे जड झाले आहे, तक्रार एवढीच. या वेळी खोके माझ्यासमोर उघडले, भागांचे नंबर मी उत्पादकाच्या यादीशी ताडून पाहिले, प्रेशर प्लेटचा दाब बिलावर लिहून घेतला आणि जुने सर्व भाग पिशवीत घालून घरी आणले.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार केली. दुकानदाराने तिथे “ग्राहकाच्या चुकीने प्लेट जळाली” असे उत्तर पाठवले. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि व्यवहाराचा वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करता येते. पक्के बिल नसल्याने माझ्या हाती यूपीआयची नोंद आणि मोबाइलवरच्या संदेशांतले त्याचे “केव्हलार 500 एनएम” एवढेच शब्द आहेत. वस्तू सदोष असल्याचा मुद्दा प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग नमुना तपासणीसाठी पाठवू शकतो. म्हणून ती रंगवलेली प्लेट, कानस फिरवलेली कड दिसेल अशा रीतीने, पारदर्शक पिशवीत सीलबंद करून ठेवली आहे.