पॅलियो १.६ जीटीएक्स घरीच दुरुस्त करून उभी केली : नागपूरच्या एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या आठवड्यात ही गाडी प्रतापनगरातल्या आमच्या पोर्चमधून पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर बाहेर पडली. तेव्हापासून एक हिवाळा, एक उन्हाळा, एक पावसाळा आणि ९,४०० किलोमीटर झाले. काम करताना घेतलेल्या निर्णयांपैकी कुठले टिकले आणि कुठले चुकले, हे आता खात्रीने सांगता येतं.

गाडी फियाट पॅलियो १.६ जीटीएक्स, २००३ ची. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण आत १५९६ सीसीचं सोळा वॉल्वचं इंजिन आणि शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर. २००१ मध्ये पॅलियो भारतात आली तेव्हा आमच्यासारख्या घरांच्या नजरेच्या टप्प्यातली इतकी जोरकस लहान गाडी मला तरी दुसरी दिसत नव्हती. पद्मिनी जिथे बनायची त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातली, आणि जाहिरातीत सचिन. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. अंबाझरीच्या रस्त्यावर लाल जीटीएक्स जाताना दिसली की सायकल थांबवून बघत राहायचो. तिला स्पोर्ट्स कार म्हणतो ते मनापासून म्हणतो.

मिळाली अमरावतीला. चार वर्षं टिनाच्या शेडखाली उभी होती, सौदा ९०,००० ला झाला. पत्रा चांगला, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं. रबर मात्र सगळं संपलेलं, आणि घेताना मी हीच गोष्ट कमी लेखली. आपल्या विदर्भात हवा कोरडी, त्यामुळे पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. गाडी मरते ती रबरातून. होसपाइप, बुश, सील, पट्टे, दाराच्या कडा, सगळं उन्हाने कडक होतं आणि एके दिवशी तडकतं.

आधी थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप) सांगतो, कारण इकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हे सापडेल. कूलंट काढायला घेतलं तर आतून तांबूस पाणी आलं. थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता, नुसती पांढुरक्या क्षाराची गोल कड. कधीतरी, कुठल्यातरी गॅरेजमध्ये 'या उन्हात कशाला पाहिजे' म्हणून कुणीतरी तो काढून टाकलेला. ऐकायला पटतं, पण उन्हाळ्यात तो काढल्याचा काही उपयोग होत नाही. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडतो. पुढे गाडी थंड ठेवायची ती रेडिएटर आणि पंख्याने. उलट तो नसला तर इंजिन नीट तापायला फार वेळ लागतो, सेन्सर 'अजून थंड आहे' असं कळवत राहतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहतो. माझे चारही प्लग काजळीने काळे होते, त्याचं एक कारण हेच निघालं.

नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, सगळे होसपाइप, कूलंटच्या टाकीचं नवं झाकण, आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. झाकणाकडे कुणी लक्ष देत नाही, पण आतला दाब तेच धरून ठेवतं आणि दाबामुळेच कूलंट उकळायचं तापमान वर जातं. पंख्याचा हळू वेग बंद होता, त्याचा रेझिस्टर जळालेला. त्यामुळे पंखा लागायचा तो एकदम जोरातच, तोही तापमानाचा काटा वर चढल्यावर. तो बदलला. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, बाहेर ४५ अंश, एसी चालू, सीताबर्डीला व्हरायटी चौकात चार सिग्नल अडकलो. काटा मधोमध होता आणि तिथेच राहिला. या गाडीवर केलेल्या सगळ्या खर्चात मला सर्वांत जास्त समाधान याचं आहे.

दुसरं काम पेट्रोलच्या पाइपांचं, आणि यात कुणीही हयगय करू नये. बोनेटखालचा पाइप बाहेरून ठीक दिसत होता. काढून बोटावर वाकवला तशा बाहेरच्या बाजूला केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या. उभा चिरला तर आतलं अस्तर मऊ पडलेलं, नखाला काळं लागत होतं. इंजेक्शनच्या गाडीत त्या पाइपमध्ये तीन बारच्या आसपास दाब असतो. तिथे भेग पडली की पेट्रोल थेंबाथेंबाने गळत नाही, गरम इंजिनवर फवारा उडतो. शिवाय आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं आणि २००३ च्या रबराला ते मानवत नाही. मी टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंत सगळा लवचिक पाइप जे३० आर९ छापाचा, इंजेक्शनसाठी बनवलेला घातला. साधा पाइप स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. क्लिपसुद्धा इंजेक्शनच्याच घ्या, साध्या ज्युबिली क्लिपच्या खाचा आवळताना रबरात रुततात. अजून एक: इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं. माझा पेट्रोल फिल्टर पहिल्या ६०० किलोमीटरला बदलावा लागला, दुसरा २,५०० ला, त्यानंतर त्रास नाही.

अ‍ॅव्हरेज शहरात १०, हायवेला साडेतेरा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी असते, त्यामुळे यापेक्षा मोठी अपेक्षा मी ठेवलेली नाही.

आता चूक. पुढच्या लोअर आर्मला (चाक चॅसीला जोडणारा खालचा दांडा) मी हौसेने रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले. स्टीअरिंग एकदम धारदार झालं, पहिले दोन आठवडे फार आनंदात गेले. पण आपले रस्ते सिमेंटचे आहेत, आणि त्यांचा प्रत्येक सांधा मला हातात आणि आईला पाठीत जाणवायला लागला. पावसाळ्याआधीच कुरकुर सुरू झाली. चार महिन्यांनी आर्म पुन्हा खाली उतरवले, हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे प्रेसवर बुश काढून घेतले आणि साधे रबराचे बसवले. रेसिंग ट्रॅकवर पॉली ठीक असेल, वर्धा रोडला रोज ये-जा करणाऱ्याने रबरच घालावं.

ते बसवताना आमचे मिस्त्री काका शेजारी उभे होते. गाडी जॅकवर असतानाच मी बोल्ट आवळायला घेतला तसा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "भाऊ, आधी चाकं जमिनीवर टेकू द्या, मंग आवळा. नाई तर रबर सदा पीळ खाऊनच राह्यते." पहिल्यांदा मी आर्म लटकत असतानाच आवळले होते. रबराचा बुश पिळला जातो, फिरत नाही. म्हणून गाडीचं वजन चाकावर असताना तो जिथे असेल तिथेच त्याला घट्ट करायचा. बऱ्याच गाड्यांचे नवे बुश वर्षभरात फाटतात ते यामुळेच, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

टायमिंग बेल्टला, म्हणजे वॉल्व आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याला, मात्र मी एकट्याने हात लावला नाही. तो तुटला तर वॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. कॅमशाफ्ट हलू न देणारं लॉकिंग टूल लावूनच काम करायचं, जुन्या पट्ट्यावर खडूने खुणा करून नाही. पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलले. पट्टा किलोमीटरने झिजतो तसा वयानेही म्हातारा होतो, चार वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे विसरता येत नाही.

ब्रेकला नवे डिस्क, पॅड, कॅलिपरची सील किट आणि डॉट ४ ऑइल. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ओल आत शिरली की उकळायचं तापमान घसरतं आणि घाटात पॅडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला, बस.

टायर माझ्या गाडीवर १७५/६५ आर१४ होते, नक्षी जवळजवळ नव्यासारखी. बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझे नऊ वर्षांचे निघाले. नवे १८५/६० घेतले, व्यास जेमतेम एक टक्क्याने कमी होतो, मीटर फारसं चुकत नाही. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढताना मी आजही हवा थंड टायरवर मोजून निघतो. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे आणि तासन् तास एकाच वेगात तापलेल्या सिमेंटवरून जायचं असतं. जुना, कमी हवेचा टायर तिथे नेणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी ११० ला इतकी शांत, रस्त्याला धरून चालते की शेजारी बसलेले बाबा वर्ध्याच्या पुढे झोपून गेले.

इंजिनची ताकद वाढवायला काहीच केलं नाही. ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये बदल (रीमॅप) नाही, मोकळा फ्री-फ्लो सायलेन्सर नाही. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, हे एक. पण खरं कारण असं की सगळं मूळ अवस्थेत आणल्यावर साडेतीन हजार आरपीएमनंतर ती जी ओढते ते अनुभवलं आणि हाव राहिली नाही. अपग्रेड म्हणाल तर हेडलाइटला रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) लावून जाड वायर टाकली. जुन्या स्विचमधून जाताना व्होल्टेज पडत होतं, तेच बल्ब आता कितीतरी पांढरे लागतात. पेंचकडे जाताना मनसरनंतरच्या अंधारात फरक कळतो.

एसीला नवा कंडेन्सर. डेंटिंग-पेंटिंग बाहेरून करून घेतलं, ते घरी जमणारं काम नाही.

आरटीओचं फिटनेस, ग्रीन टॅक्स आणि पाच वर्षांचं नूतनीकरण झालं. नंबर अजून अमरावतीचाच, एमएच २७. एकूण खर्च २,६०,००० च्या थोडा वर, त्यात पॉली बुशचे दोनदा गेलेले पैसेही आले. सुटे भाग इथे सगळे मिळत नाहीत. फियाटच्याच पेट्रा आणि सिएनाचे बरेचसे बसतात हे लक्षात ठेवून दुकानात विचारा, आणि नमुन्याला जुना पार्ट सोबत न्या.

राहिलं आहे ते मागच्या उजव्या दाराचं रबर. ऑगस्टच्या जोराच्या पावसात मॅट भिजलं होतं. सिएनाच्या दाराचं एक मिळालंय, कोपऱ्यावरचा वाक थोडा वेगळा आहे. रविवारी दार उतरवून बसवून बघतो, मार्चच्या उन्हाआधी ते चिकटलं पाहिजे.