मेमरी फोमची गादी: आधी काट्यावर, मग पलंगावर

बेळगावच्या उद्यमबागेत दिवसभर लेथपुढं उभा राहणारा माणूस मी. वजन ८४ किलो, झोप कायम डाव्या कुशीवर. बायको ५४ किलोची, उताणी झोपणारी, आणि कंबर धरलेली. पलंग एकच. गादी घेताना खरी अडचण इथंच असते, पण दुकानात कुणी हे विचारत नाही. 'बजेट किती सर?' एवढाच प्रश्न.

मेमरी फोमचं नाव काढलं की दुकानदार पहिल्यांदा 'नासा'वर जातो. गोष्ट खोटी नाही. १९६६ साली चार्ल्स योस्ट नावाच्या इंजिनिअरनं नासाच्या कामासाठी हा फोम तयार केला, पण तो विमानातल्या सीटच्या गाद्यांसाठी. चंद्रावर त्याच्यावर कुणी झोपलं नव्हतं. झोपायची गादी म्हणून तो स्वीडनमधून बाजारात आला १९९१ साली. त्यामुळं 'नासा टेक्नॉलॉजी' म्हणून चार हजार जास्त मागितले तर सरळ हसायचं आणि डेन्सिटी विचारायची.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. चांगला मेमरी फोम ५० च्या आसपास किंवा त्याच्या वर असतो. त्याच्या बराच खाली असलेला फोम सुरुवातीला मऊ मऊ लागतो, आणि वर्षा-दोन वर्षांत जिथं माणूस झोपतो तिथं खड्डा धरतो. तोंडी सगळेच ५० सांगतात. आम्ही पडलो मोजमापाची माणसं, तोंडी हिशेब चालत नाही. मी पहिल्या दुकानात नमुन्याचा तुकडा मागितला, सहा बाय सहा इंच, जाडी दोन इंच. एवढा तुकडा भरतो साधारण ११८० घन सेंटीमीटर. ५० डेन्सिटी असेल तर त्याचं वजन ५९ ग्रॅम यायला हवं. शहापुरात ओळखीच्या सराफाकडं गेलो, त्यांच्या काट्यावर ठेवला. ४४ ग्रॅम. म्हणजे डेन्सिटी ३७. सराफ म्हणाले, "सोन्यात एवढी तूट आली असती तर लोकांनी दुकान फोडलं असतं की हो."

तो विषय तिथंच संपला.

मग खडेबाजारातल्या एका जुन्या दुकानात गेलो. आमचा पलंग सुतारानं घरात बसवलेला, कुठल्याच तयार मापात न बसणारा, त्यामुळं ऑर्डरनं करून देणाराच हवा होता. दुकानदार एका गिऱ्हाइकाला कानडीत "गट्टी बेका, मेत्तग बेका?" विचारत होता, आमच्याकडं वळून तेच मराठीत विचारलं, "कडक पायजे का मऊ?" मी म्हटलं, ते पडल्यावर कळणार. "मग पडा की! पडायला काय बिल लागतंय?" चप्पल काढून आम्ही दोघं पडलो. शोरूममध्ये लाज वाटते खरी. पण दोन मिनिटं बसून उठलेल्या माणसाला या फोमचं काहीच कळत नाही. अंगाच्या उबेनं तो हळूहळू मऊ होतो, शरीर आत घेतो. पंधरा मिनिटं तरी पडायचं, आणि घरी ज्या कुशीवर झोपतो त्याच कुशीवर.

आमची तपासणी अशी. मी कुशीवर पडलो की बायको मागून बघणार, मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीचा कणा एका रेषेत आहे का. खांदा आत गेला नाही तर गादी कडक. कमरेचं हाड जास्त खाली गेलं आणि कणा वाकला तर मऊ. ती उताणी पडली की मी कमरेखालच्या पोकळीत हात सरकवणार. आरपार सहज गेला तर गादी कमरेला टेकलेलीच नाही, कडक आहे. हात जातच नाही म्हणजे माणूस रुतलाय. थोडा अडखळत गेला पाहिजे. दुकानातला पोरगा हे बघून तोंडावर हात ठेवून हसत होता. हसू दे.

वर दीड इंच मेमरी फोम असलेली गादी माझ्या खांद्याला पुरली नाही, खालचा कडक थर लागायला लागला. तीन इंचवाली मला स्वर्ग वाटली, पण बायकोची कंबर खाली गेली. शेवटी ठरलं ते असं: खाली चार इंच एचआर फोम (हाय रेझिलियन्स, दाबला की लगेच उसळणारा), ४० डेन्सिटीचा, वर दोन इंच मेमरी फोम, बाहेर चेन असलेलं कापडी कव्हर. मेमरी फोमचा तुकडा काट्यावर ५८ ग्रॅम भरला. वजनाचं गणित मी दुकानदाराला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "असलं विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघालोय." किंमत अठरा हजारांच्या घरात. ब्रँडचं नाव नाही, पण बिलावर दोन्ही थरांची जाडी आणि डेन्सिटी लिहून घेतली.

पोटावर झोपणाऱ्यांनी मात्र असली गादी घेताना जपून. पोटाचा भार रुततो आणि कंबर उलटी वाकते. त्यांना वर एखादाच इंच पुरे. हलक्या अंगाच्या माणसाला कडक गादी अंगाला येतच नाही, आणि नव्वद किलोच्या वरच्या माणसाला सहा इंच कमी पडेल, त्यानं आठ इंचाचा विचार करावा.

'ऑर्थोपेडिक' या शिक्क्याबद्दल. आमच्याकडं कंबर दुखली की अजून फळीवर झोपायला सांगतात. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुन्या कंबरदुखीच्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम कडक गाद्या देऊन ९० दिवस बघितलं, आणि मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम पडला. त्या गाद्या मेमरी फोमच्याच होत्या असं नाही, पण दगडासारखी गादी म्हणजे औषध हा समज त्यानं सुटावा. गादीवर 'ऑर्थो' कुणीही छापू शकतो, त्याला डॉक्टर लागत नाही.

आता घरी आल्यानंतरचं. पहिले काही दिवस नव्या रबरासारखा वास येतो. कव्हर काढून, खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावला की जातो. सवयीनं कापसाच्या गादीसारखी गच्चीवर उन्हात घालायला जाऊ नका, कडक उन्हानं फोम पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. सावलीत वारं लागलं की बास.

बेळगावचा खरा प्रश्न पावसाळा. आमचा बॉक्स पलंग, वर १८ एमएमचं प्लायवूड, खाली पेटीत रजया. अंगाची ओल गादीतून खाली उतरते, खाली वारा नाही, आणि जुलैत गादीच्या पोटाला बुरशी. म्हणून गादी यायच्या आधीच रविवारी वर्कशॉपमधून दोन इंची होल-सॉ आणला आणि प्लायवूडला नऊ-नऊ इंचावर भोकं पाडली. घरभर भुसा, बायकोचं तोंड चालू, "अहो, पलंग आहे की चाळण?" पण ऑगस्टमध्ये गादी उचलून बघितली, खाली कोरडी ठणठणीत. जांबोटी, कणकुंबीसारख्या धो धो पावसाच्या भागात तर मी म्हणेन पट्ट्यांचा पलंगच हवा, सलग फळीवर ही गादी टाकूच नये. उलट अथणी, गोकाककडं ओल नाही, पण उन्हाळ्यात हा फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. तिकडं पातळ थर बरा. 'कूल जेल'चं, म्हणजे गार राहावा म्हणून जेल घातलेल्या फोमचं, जे सांगतात ते मी पडून बघितलं, पहिली काही मिनिटं गार लागतं, मग सगळं सारखंच.

थंडीतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. डिसेंबर-जानेवारीत खोली गार झाली की हा फोम घट्ट होतो. रात्री पडल्या पडल्या वाटतं गादी बदलून आणली की काय. पाच-दहा मिनिटांत ऊब लागली की खाली बसते. म्हणून थंडीत दुकानात पडून बघणाऱ्याला गादी आहे त्यापेक्षा कडक वाटणार, आणि मे महिन्यात मऊ. हे डोक्यात ठेवून निवडा.

फायदा काय झाला? खांदा सकाळी आखडत नाही. मी रात्री कूस बदललो तर बायकोला जाग येत नाही, हा तिच्या मते सगळ्यात मोठा फायदा. कंबर पूर्ण गेली नाही, कमी झाली. व्यायाम चालू आहे, सगळं श्रेय गादीला देणार नाही.

तोटा म्हणजे कडा. काठावर बसून चप्पल घालायला गेलं की गादी दबते आणि माणूस घसरतो. कूस बदलायलाही जरा जोर लावावा लागतो. माझ्या आईला, वय ७६, हे अजिबात मानवलं नाही. "आत ओढल्यासारखं होतंय रे," म्हणाली. तिची कापसाची गादी पिंजून, भरून आणली आणि ती खूश. वयस्कर माणसांसाठी घेणार असाल तर त्यांना दुकानात घेऊन जा, आणि झोपवून नव्हे, झोपवून उठवून बघा.

ऑनलाइनवाल्यांचं: गुंडाळून खोक्यातून येते, त्यामुळं गल्लीतल्या अरुंद जिन्यावरून चढवायला सोपी. आमची अखंड गादी चार माणसांनी गॅलरीतून वर घेतली. पण 'शंभर रात्री वापरा, नको तर परत' यावर जाण्याआधी तुमच्या पिनकोडवरून ती परत न्यायला माणूस येतो का ते लेखी विचारा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या पाव्हण्यांना गादी पोचली, परत न्यायला मात्र कुणी आलं नाही. वॉरंटीच्या कागदावर 'खड्डा किती इंचाचा झाला तर बदलून देणार' ते वाचा. बऱ्याच ठिकाणी इंच-दीड इंचाच्या आतला खड्डा ते धरतच नाहीत, आणि गादीवर डाग असला तर हात वर करतात. चहाचा कप पलंगावर नेणाऱ्यांनी वरून पाणी न झिरपणारं कव्हर आधी घ्यावं.

सोबत फुकट मिळालेल्या उशा टाकाऊ आहेत. मान अवघडते. त्या टीव्हीसमोर पाठीला लावायला ठेवल्यात.