पीटी-3 फॉर्मचं मदत केंद्र, कसबा पेठ – 5 पैकी 4

पुण्यात स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यांना मिळकतकरात जी 40 टक्के सवलत असते, ती परत मिळवायला जो पीटी-3 फॉर्म भरावा लागतो ना, त्यासाठी एका पक्षाने आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकलं होतं, त्याचा हा रिव्ह्यू. पक्षाचं नाव सांगत नाही, आमच्या बाबांनी त्यांना जन्मात मत दिलेलं नाही एवढंच सांगतो.

काम एकदम चोख. टेबलावरच्या पोराने सोसायटीचं पत्र उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "काका, यावर शिक्का नाहीये, तेवढा मारून आणा, नाहीतर अडकेल." मत कुणाला देता वगैरे एक शब्द नाही, आणि हीच तर खरी हुशारी आहे राव. 1970 पासूनची सवलत मध्येच बंद झाली तेव्हा कमळवाले काय नि पंजावाले काय, सगळ्यांच्याच खिशाला चाट बसली. 2023 च्या कसबा पोटनिवडणुकीत हा विषय गाजला, भाजपचा बालेकिल्ला काँग्रेसच्या धंगेकरांनी घेतला (फक्त यामुळेच असं नाही हां), आणि त्याच वर्षी युती सरकारने सवलत परत सुरू केली. 2024 ला जागा पुन्हा भाजपकडे!

एक स्टार कापला कारण मोबाईल नंबर घेतला आणि आता रोज सकाळी साहेबांच्या फोटोसकट शुभ सकाळ येतं.

बाबांनी मात्र त्या पोराचा नंबर सेव्ह केलाय, पाणी कमी दाबाने आलं की त्यालाच फोन लावतात.