लॉनमोवर चालू होऊन बंद पडतो? ‘इंजिन गेलंय’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

पुण्यात घरी येऊन लॉनमोवर, ब्रशकटर अशी गवत कापायची मशीन रिपेअरला घेऊन जाणारे लोक ऑनलाइन शोधत असाल तर आधी हे वाचा, आमच्या सोसायटीचे ८२०० रुपये गेलेत.

पाषाणला आमची जुनी रो-हाउसेस, मधे मोठं लॉन, आणि पावसाळ्यात गवत काय वाढतं ते सांगायला नको. मशीन पेट्रोलवरचं, फोर स्ट्रोक. प्रॉब्लेम एवढाच की दोरी ओढली की लगेच चालू व्हायचं, पाच-सात मिनिटं मस्त चालायचं आणि मग घरघर करून बंद. थोडं थांबलं की परत चालू, परत बंद.

ऑनलाइन शोधलेला रिपेअरवाला आला, दोरी ओढून बघितली आणि म्हणाला कंप्रेशन (इंजिनमधला दाब) गेलंय साहेब, पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागतील, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा पार्ट) पण बाद आहे. व्हिजिटचे ५००, वर ३००० ॲडव्हान्स, मशीन टेम्पोत घालून नेलं. मग फोन, की खोलल्यावर बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) पण घासलेला निघाला, एकूण ८२०० होतील, आणि नको असेल तर खोलाखोलीचे १५०० द्या आणि सुटे पार्ट पोत्यात भरून घेऊन जा! इथेच माणूस अडकतो, आणि त्यांना ते बरोबर माहीत असतं.

मशीन परत आलं, त्याने गेटवरच दोन मिनिटं चालवून दाखवलं, बाकीचे पैसे घेतले, गेला. बंद पडायला पाच-सात मिनिटं लागतात हे त्याला आपणच सांगितलेलं ना.

दुसऱ्या दिवशी जैसे थे. मग आमच्या माळीकाकांचा भाचा आला, टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये काम करतो. त्याने मशीन बंद पडेपर्यंत चालवलं, बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण फिरवलं, फुस्स करून हवा आत गेली, दोरी ओढली, चालू. झाकण ढिलं ठेवून सगळं लॉन कापून झालं. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते धूळ आणि गवताने बुजलेलं. पेट्रोल खाली जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळेनासं होतं. झाकण धुऊन साफ केलं, खर्च शून्य, भाच्याला चहा पाजला.

खरा राग पुढे आला. भाच्याने हेडचे (इंजिनच्या वरच्या भागाचे) बोल्ट दाखवले, कंपनीचा रंग जसाच्या तसा, पाना लागलेलाच नाही, म्हणजे इंजिन खोललंच नव्हतं. रिंगा, बोअर सगळी थाप. आणि ‘नवीन’ कार्बोरेटरखाली आम्ही सोसायटीच्या सामानावर मारतो तो पिवळा ऑइलपेंटचा ठिपका, म्हणजे कार्बोरेटर जुनाच, नुसता स्प्रे मारून चकचकीत केलेला!

रिपेअरवाल्याला फोन केला तर म्हणे गॅरंटी इंजिनच्या कामाची आहे, झाकणाची नाही 😡 नंतर नंबर ब्लॉक. दिलेल्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान.

मशीन पटकन चालू होतंय, काही मिनिटं ताकदीने चालतंय, तर रिंगा गेल्यात हे सहसा पटण्यासारखं नाही, रिंगा गेल्या की चालू होतानाच दमवतं, ताकद कमी होते, निळा धूर येतो. आधी झाकण ढिलं करून बघा. चोक लावला की चालतं आणि काढला की बंद पडतं असं असेल तर बहुतेक जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा आहे, कार्बोरेटर साफ करून काम होतं, बदलायची गरज नाही. गेल्या सीझनचं पेट्रोल टाकीत असेल तर ते काढून टाका, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. एअर फिल्टर झटका. गरम झाल्यावर बंद पडतंय आणि तेव्हा प्लगला स्पार्कच येत नाही, तर स्पार्क देणारी कॉइल बघायला सांगा. आणि पात्याजवळ हात घालायच्या आधी प्लगची वायर काढा, मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर इंजिनमधलं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि नवीनच काम निघतं.

मशीन देताना बोल्टचे, कार्बोरेटरचे फोटो काढून ठेवा आणि जुने पार्ट परत पाहिजेत हे ॲडव्हान्सच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आम्हाला मिळालं ते कच्चं बिल, ‘इंजिन काम पार्टसहित’, ना जीएसटी नंबर ना सही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीये, यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडलाय. अजून कोणाकडे असंच बिल असेल तर तुम्हीही तक्रार टाका.